बुधी आमच्या घरी राहिली तो चैत्र

भावाचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीच्या घरी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. गावची शाळा बंद करतायत, म्हणाला. म्हणजे बंद असं कुणी म्हणत नाही, हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेला जोडणार म्हणतात. रविवारी मीटिंग आहे, जुन्या विद्यार्थ्यांनाही बोलावलंय. "ताई, तू ये. तू शिकलेली. तुझं ऐकतील." सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून माझा जन्म गेला, माणसं नर्सचं ऐकतात ते फक्त सुई हातात असेपर्यंत, असं मी त्याला म्हटलं. पण गेले.

टिटवाळ्याला उतरून गावात पोचले तर मीटिंगला अजून वेळ होता. भाऊ खुर्च्या आणायला गेलेला. मी शाळेच्या पडवीत जाऊन बसले. दोन खोल्या होत्या, त्या दोनच आहेत. कौलं गेली, पत्रे आले. भिंतींवर पाढे रंगवलेत, एक हसणारा हत्ती रंगवलाय. समोर जिथे भाताची खाचरं होती तिथे उंच इमारतींची रांग उभी राहते आहे. अर्ध्यांना हिरव्या जाळ्या लावलेल्या, अर्ध्यांत लोक राहायलाही आलेले. खिडकीच्या गजांतून मी वर्गात डोकावले. बंद खोलीचा, खडूच्या भुकटीचा आणि कालच्या खिचडीचा वास आला. खिचडी आमच्या वेळी नव्हती. आमच्या वेळी सुकडी होती.

सुकडीचा वास मला अजून जसाच्या तसा आठवतो. भाजलेल्या पिठाचा, गुळाचा आणि ज्या गोणीतून ती यायची त्या गोणीचा. दुपारच्या सुट्टीत आम्ही रांगेने ओंजळी पुढे करायचो आणि बाई वाटीने सुकडी घालायच्या. ती कोरडी इतकी असायची की तोंडात घेऊन कुणी बोललं तर समोरच्याच्या अंगावर पिवळा धुरळा उडायचा, आणि आम्ही मुद्दाम बोलायचो.

वर्षाचे महिने आम्हाला कॅलेंडरवरून कळत नसत, वासावरून कळत. जूनमध्ये गोणपाटाच्या खोळी पडवीत टांगलेल्या असायच्या, त्यांचा ओला, कुबट वास वर्गभर. भाद्रपदात भात फुलोऱ्यावर यायचा आणि खिडकीतून इतका हलका गंध यायचा की त्याच्याकडे लक्ष दिलं की तो नाहीसा व्हायचा. शनिवारी आम्ही मुली जमीन सारवायचो, म्हणून सोमवारी वर्गाला शेणाचा, मातीचा स्वच्छ वास. आणि दिवाळी झाली की काळू नदीच्या काठाने वीटभट्ट्या लागायच्या. मग संध्याकाळी भाताच्या तुसाचा धूर शेतांवर कमरेइतका खाली साचून राहायचा. आम्ही घरी जाताना त्या धुरात शिरायचो. पाय दिसेनासे व्हायचे, आणि गंमत वाटायची.

त्या वेळी मी तिसरीत होते. पहिली ते चौथी अशी शाळा, आणि शिकवायला दोघं. एक मोठे गुरुजी, ते पहिली आणि चौथी एका खोलीत घ्यायचे. दुसऱ्या खोलीत दुसरी आणि तिसरी, तिथे दळवीबाई. बाई ठाण्याहून यायच्या, कोपरीहून. गाडीने टिटवाळ्यापर्यंत आणि पुढे बांधाबांधाने चालत. शाळेत शिरण्याआधी त्या विहिरीवर चपला धुवायच्या आणि पडवीत उलट्या घालून ठेवायच्या. त्यांच्या साडीला कापराचा वास असे. आमच्या गावात बाईमाणसाने छत्री उन्हात धरलेली आम्ही त्यांच्याचकडे पहिल्यांदा पाहिली.

'पट' हा शब्द मी त्याच वर्षी ऐकला. पट म्हणजे शाळेतल्या मुलांची संख्या, हे मला नंतर कळलं. मोठी माणसं तो शब्द एखाद्या दुखण्याचं नाव घ्यावं तसा आवाज खाली आणून उच्चारायची. पट घसरला. पट भरत नाही. कारखान्याच्या चाळींत खोल्या मिळाल्या तशी गावातली बरीच घरं मोहन्याकडे, अंबरनाथकडे गेली होती आणि आपली मुलं घेऊन गेली होती. आमच्या बसकरपट्ट्यांवर मधे मधे जागा दिसायला लागल्या. बाईंची बदली होणार आणि चौथीचा वर्ग बंद होणार, असं मोठे गुरुजी बाबांना सांगत होते ते मी ओटीवरून ऐकलं. चौथीसाठी पलीकडच्या गावात जावं लागणार होतं. पलीकडचं गाव नदीपल्याड. पूल नव्हता. मुलगे गेले असते. माझी चुलतबहीण तिसरी झाल्यावर घरीच राहिली होती, गुरं राखत होती. मला कुणी काही सांगितलं नाही, पण मी तिच्याकडे बघायचे आणि मला सगळं समजायचं.

एका रविवारी बाई गावात आल्या. सुट्टीच्या दिवशी त्यांना पाहून आम्ही चकित. त्या भट्टीवर निघाल्या होत्या आणि सोबतीला म्हणून त्यांनी मला घेतलं. भट्टीवर मी त्याआधी गेले नव्हते. आम्हाला तिकडे जायला मनाई होती. नदीकाठच्या मोकळ्या जागेत ओल्या विटा ओळीने मांडलेल्या, पार नजर पोचेपर्यंत. बायका गुडघ्यापर्यंत चिखलात उभ्या राहून माती तुडवत होत्या. आणि त्या विटांच्या ओळींतून माझ्याएवढी मुलं वाकून चालत होती, एकेक वीट उचलून कुशीवर वळवत होती. लहान पाय हलके पडतात, ओळी मोडत नाहीत, म्हणून ते काम पोरांचं.

ही कातकरी माणसं मुरबाडच्या वरच्या डोंगरातून दिवाळीनंतर यायची आणि पावसाच्या तोंडावर परत जायची. बाई एका माणसापाशी थांबल्या. त्याचं नाव लक्ष्या. बाईंनी त्याला विचारलं, तुझ्या मुलांना शाळेत पाठवशील का. तो कसनुसा हसला. "पोरां विटा परततात, बाई," तो म्हणाला. बाई म्हणाल्या की परतू दे, सकाळी परतू दे, शाळा अकराला भरते. तो विचारात पडला. त्याच्या मागे एक मुलगी उभी होती. केस उन्हाने तांबूस झालेले, हातापायांवर वाळलेली माती. तिने मला नीट पाहून घेतलं, आधी माझे डोळे, मग माझी रिबीन.

ती बुधी. दुसऱ्या दिवशी भट्टीवरची बरीच मुलं शाळेच्या दाराशी येऊन उभी राहिली. आत कुणी येईना. मग बाईंनी एकेकाचा हात धरून आणलं आणि बसकरपट्टीवरच्या मोकळ्या जागांत आमच्या मधे मधे बसवलं. बुधी माझ्याच वयाची, पण तिला अक्षर येत नव्हतं म्हणून दुसरीत. दुसरी-तिसरी एकाच खोलीत, त्यामुळे ती माझ्याच शेजारी आली. तिच्या अंगाला धुराचा आणि नदीच्या गाळाचा वास होता. मी थोडी सरकून बसले. तीही तेवढीच सरकली, दुसऱ्या बाजूला.

त्या आठवड्यात गावात कुजबुज झाली. कातकऱ्यांच्या पोरांना आपल्या पोरांच्या मांडीला मांडी लावून बसवलं म्हणून. उवा होतील, खरूज होईल, असं बोलायचे. जे बोललं जात नव्हतं तेही सगळ्यांना ऐकू येत होतं. वरच्या आळीतल्या मुलांना घरी ठेवलं. मलाही आईने घरी ठेवलं. मी ओटीवर बसून शाळेच्या घंटेचे ठोके ऐकायचे, आणि शाळेत न जाण्याची जी मजा वाटायला हवी होती ती काही वाटेना.

बाई संध्याकाळी आमच्याकडे आल्या. आई तांदूळ पाखडत होती. तिने पाट दिला, पाणी दिलं आणि पुन्हा पाखडायला बसली. बाई बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. भावाचा खोकला, भाताचं पीक. मग त्यांनी विचारलं, "वहिनी, चौथीचा वर्ग गेला तर हिला नदीपलीकडे पाठवाल?"

आई सूप हलवत राहिली.

"ती मुलं आहेत म्हणून वर्ग आहे," बाई म्हणाल्या. "वर्ग आहे तोवर तुमची मुलगी शाळेत आहे. मी याहून वेगळं काय सांगू?"

आईने उठून बाईंना थोडे तांदूळ बांधून दिले, त्यांनी ते घेतले. सकाळी आईने माझी वेणी घातली, नेहमीपेक्षा घट्ट, आणि दप्तर हातात दिलं. तिला त्या मुलांची कणव आली असं मला वाटत नाही. तिला माझ्यासाठी भय वाटलं. आज मला ते कारणही पुरेसं वाटतं.

बुधीला सुकडी आवडायची नाही. फार गोड, म्हणायची. ती आपल्या वाटची माझ्या ओंजळीत ओतायची आणि भट्टीवरून आणलेल्या भाजक्या चिंबोऱ्या, नदीतले खेकडे, काढायची. त्यांचे काळे, कुरकुरीत आंगडे फोडून ती मला द्यायची. घरी कळलं असतं तर मार बसला असता, म्हणून मी शाळेमागे जाऊन खायचे आणि नंतर हातांना राख चोळायचे. तो राखेचा आणि चिंबोरीचा मिसळलेला वास, हिवाळ्यातली कोवळी दुपार, आतून येणारे पाढे. बे एके बे. मोठे गुरुजी पाढ्यांवर छडी टेबलावर आपटून ठेका धरायचे.

अक्षरं तिला भराभर आली असं नाही. तिला काना कळेना. तो कशाला उभा आहे, असं ती विचारायची. पण स्वतःचं नाव जमल्यावर मात्र तिला आवर राहिला नाही. पाटीवर, जमिनीवर, नदीच्या वाळूत. एकदा मी भट्टीजवळून जाताना पाहिलं तर ती ओल्या विटांवर काडीने 'बुधी' लिहीत चालली होती, एकीवर, मग दुसरीवर. लक्ष्या ओरडला तेव्हा थांबली. पण लिहिलेल्या विटा तशाच भट्टीत गेल्या, भाजल्या आणि ट्रकमध्ये चढल्या. कल्याणला गेल्या की डोंबिवलीला, कुणाच्या भिंतीत बसल्या, कोण जाणे.

माघात साहेब आले. तपासणीचे साहेब म्हणजे आमच्याकडे देवाच्या पालखीइतका गाजावाजा. आदल्या दिवशी सारवण, दाराला आंब्याचा डहाळा, मोठ्या गुरुजींचा धुतलेला सदरा. साहेबांनी आम्हाला वाचायला लावलं, गणितं घातली. बुधीला फळ्यावरचं वाचायला सांगितलं. ती उभी राहिली आणि तिने ते एका दमात, धापा टाकत, विराम न घेता वाचलं. साहेब हसले. वाईट नव्हते हसले. मग ते बाईंकडे वळून म्हणाले की हे सगळं ठीक, पण ही भट्टीवरची मुलं परीक्षेपर्यंत तरी राहणार आहेत का? यांच्या जिवावर पट दाखवायचा आणि भट्टीचं काम संपलं की अर्धा वर्ग रिकामा.

बाईंचा चेहरा लाल झाला. पण त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "साहेब, परीक्षेला बसतील तेवढीच मोजा," त्या म्हणाल्या.

साहेबांनी मान डोलावली. ठरलं ते असं. वार्षिक परीक्षेला जेवढी मुलं बसतील तो पट.

आणि चैत्रात अवकाळी पाऊस आला. दुपारीच अंधारलं, गारा पडल्या, आंब्याचा सगळा मोहोर आणि बारीक कैऱ्या अंगणात झडल्या. आम्ही गारा वेचत नाचत होतो. संध्याकाळी बाबा नदीकडून बातमी घेऊन आले. भट्टीवरच्या कच्च्या विटांचा चिखल झाला होता. ओळीच्या ओळी विरघळून नदीत गेल्या होत्या. भट्टीवाल्याने यंदाचं काम बंद केलं. माणसं बोचकी बांधायला लागली. परीक्षेला अजून काही आठवडे होते.

बाई भट्टीवर गेल्या. तिथल्या आयांशी, बापांशी बोलल्या. कुणी म्हणाले, पोरं मागे कुठे ठेवणार, कुणाच्या भरवशावर? बाई स्वतः तर कोपरीला, एका खोलीत, सासूसासऱ्यांसह. मग त्या गावात आल्या आणि दारोदार गेल्या. प्रत्येक दारात त्यांनी एकच मागितलं: परीक्षेपर्यंत एक मूल ठेवून घ्या.

ज्या घरांनी आपली मुलं मांडीला मांडी लागते म्हणून घरी ठेवली होती, तीच ही घरं.

आमच्या दारात त्या आल्या तेव्हा थकलेल्या दिसत होत्या. आईने सगळं ऐकून घेतलं. बाबा काही बोलायच्या आत तिने विचारलं, "ती हिच्या शेजारी बसते ती का?" मी मान हलवली. आई म्हणाली, "तिला पाठवा. एक भाकरी जास्त थापीन."

आईने हो म्हटल्याचं आळीत पसरायला चूल पेटायला लागते तेवढाच वेळ लागला. दुसऱ्या दिवशी आमच्या शेजाऱ्यांनी एक मुलगा ठेवून घेतला. मग वरच्या आळीतल्या सीतारामकाकांनी. मग आणखी दोन-तीन घरांनी. सगळ्यांनी नाही. काही दारं बंदच राहिली, आणि काही मुलं आईबापांबरोबर डोंगरात गेली. लक्ष्या बुधीला आमच्या अंगणात सोडायला आला. नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला, आणि मग भराभरा चालत गेला.

ते दिवस मला कशाच्याही क्रमाने आठवत नाहीत. आठवतात ते असे: बुधी घरात निजायला तयार नाही, ओटीवर, भिंतीला पाठ लावून झोपते. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून अंगण झाडते, आणि आई म्हणते, तुला कुणी सांगितलं. आंब्याच्या पालापाचोळ्याचा वास, झाडूचा खरखर आवाज. आम्ही दोघी पाटीवर बेरजा करतो आणि ती बोटांऐवजी चिंचोके मांडते. किराणा ज्या कागदात बांधून यायचा ते जुने वर्तमानपत्राचे तुकडे ती सोडवून सरळ करते आणि मोठ्याने वाचते. एकदा तिने केसांच्या तेलाची जाहिरात अक्षर अक्षर लावत वाचली, लांब, घनदाट, काळेभोर, आणि आई विळीवर बसल्या बसल्या इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आई फारशी हसत नसे.

पहिल्या दिवशी आईने तिच्यासाठी जर्मलचं, ॲल्युमिनियमचं, ताट वेगळं काढलं होतं. जेवण झालं की बुधी ते स्वतः घासायची आणि पडवीतल्या कोनाड्यात उभं करून ठेवायची. आमची ताटं आत, तिचं बाहेर. यावर घरात कुणी काही बोलत नसे. मीही नाही. मग एका सकाळी मी चुलीपाशी बसले असताना पाहिलं, ते ताट आतल्या मांडणीवर आमच्या ताटांत होतं. कधी आलं, कुणी आणलं, मला माहीत नाही. बुधीलाही मी विचारलं नाही. कोनाडा रिकामा होता आणि त्यात कोंबडी बसली होती.

आणि नदी. चैत्रातली काळू नदी संथ असते, डोहाशिवाय फार खोल नसते. नदीकाठी जन्मून मला पोहता येत नव्हतं. मुलींना कोण शिकवणार? बुधीने मला शिकवलं. तिने माझ्या पोटाखाली हात धरला आणि न सांगता काढून घेतला. नाकातोंडात पाणी गेलं, मी तिला शिव्या दिल्या, ती काठावर बसून हसत होती. चार-सहा दिवसांनी मी पार पलीकडच्या काठाला हात लावून आले. त्या पाण्याचा स्वाद थोडा गाळाचा, थोडा लोखंडाचा होता. आता त्या नदीत पाय बुडवायचीही सोय नाही.

परीक्षा झाली. गावात राहिलेली भट्टीवरची सगळी मुलं बसली. बुधीची तोंडी परीक्षा बाईंनी खिडकीपाशी घेतली; मी बाहेरून ऐकत होते. तिने कविता म्हटली, ती मधेच अडली, पुन्हा पहिल्यापासून म्हटली.

दोन-तीन दिवसांत लक्ष्या तिला न्यायला आला. करवंदांची एक टोपली घेऊन आला होता, वर पळसाची पानं झाकलेली. आईने त्याला चहा दिला. त्याने विचारलं, "पोरीनं तरास दिला का?"

"हिला पोहायला शिकवलं," आई म्हणाली. "मला काय तरास?"

बुधीने आपली पाटी घेतली. आईने तिला माझा एक परकर आणि पोलकं दिलं, ते तिने तिथेच अंगावरच्या कपड्यांवरून चढवलं. वेशीपर्यंत मी गेले. अशा वेळी काय बोलतात ते दोघींनाही माहीत नव्हतं. बांधावरून ती बापाच्या मागे मागे गेली, आणि परकर मोठा होत असल्यामुळे तिने तो दोन्ही हातांनी उचलून धरला होता.

निकाल नंतर लागला. ती पास झाली होती. दुसरीतून तिसरीत. बाईंनी भट्टीच्या मुकादमाजवळ निरोप दिला. तो तिच्यापर्यंत पोचला की नाही, कुणाला कळलं नाही. पुढच्या दिवाळीनंतर त्या जागी भट्टी लागली नाही, कुठे दुसरीकडे गेली. मी बरेच दिवस संध्याकाळी नदीकडे बघायचे. धूर नव्हता.

पण चौथीचा वर्ग राहिला. बाईही राहिल्या, मी पुढे कल्याणला हायस्कुलात जाईपर्यंत. मी नर्स झाले, नोकरी केली, संसार केला. आई गेली त्यालाही आता काळ लोटला. मी बुधीचं नाव फारसं कुणापाशी काढलं नाही. काय सांगायचं असतं अशा गोष्टींत?

मीटिंगला तीसेक माणसं आली. शाळेतले राठोडसर कोपऱ्यात उभे. ते मराठवाड्यातले, तरुण, एकटेच चारही वर्ग सांभाळतात. त्यांनी सांगितलं ते सगळ्यांना माहीतच होतं. गावातली मुलं इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसने जातात. या शाळेत उरली आहेत ती समोरच्या इमारती बांधणाऱ्या मजुरांची मुलं. कुणी बिहारचं, कुणी नांदेडचं, कुणी कुठलं. ती पलीकडच्या शाळेत जाणार म्हणजे रोज हमरस्ता ओलांडणार.

एका तरुण मुलाने विचारलं की शाळा गेली तर जागेवर व्यायामशाळा होईल का. तो वाईट हेतूने बोलत नव्हता. कुणीतरी म्हणालं, आपली पोरं तर त्यात नाहीतच. आणि दुसरं कुणीतरी म्हणालं, ती काय, बिल्डिंग झाली की जाणार.

भावाने माझ्याकडे पाहिलं. मला भाषण येत नाही. मी उभी राहिले आणि विचारलं, गारांच्या त्या चैत्रात भट्टीवरची मुलं गावात ठेवून घेतली होती, ते कुणाला आठवतं का? तरुण मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मी सांगितलं की आमच्याकडे बुधी होती.

मला वाटलं, उगाच बोलले. मग पुढच्या खुर्चीतून सीतारामकाकांचा आवाज आला. आता खूप थकलेत, ऐकू कमी येतं. "आमच्याकडं काळ्या होता," ते म्हणाले. "बैलांजवळ निजायचा. माझ्या आयशीनं त्याला भाकरी देताना कधी मोजली नाय."

मागून एक बाई म्हणाली, तिच्या सासूबाई सांगायच्या, त्यांच्या घरी दोन भाऊ होते, एक दिवसभर बासरी वाजवायचा. कुणी म्हणालं, आमच्याकडे होता त्याला गोवर आला होता, आजीने त्याला कडुनिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं. एकेक घर बोलत होतं. नावं निघत होती. काही नुसतीच अर्धी. मी तर धरून चालले होते की ही गोष्ट माझ्या एकटीपाशी आहे.

"पोरां जाणारीच होती," सीतारामकाका म्हणाले. "जाणारीच होती म्हणून तर ठेवली."

त्या दिवशी गावाने विरोध लिहून दिला. फार मोठं काही झालं नाही. घरी जाताना भाऊ मला म्हणाला, "ताई, सही केली मी. पण माझी नात नाय पाठवणार तिथं. खोटं कशाला बोलू?" माझा मुलगाही इंग्रजी शाळेतच शिकला. पावसाळ्याआधी शिक्षण खात्याच्या ऑफिसातून उत्तर आलं: यंदा शाळा राहील, पुढच्या वर्षी पट पाहून ठरवू. राठोडसर बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांतून फिरले, मीही त्यांच्याबरोबर फिरले. काही नवी मुलं आली. पुरेशी आहेत का, ते पुढच्या वर्षी कळेल.

आता मी मंगळवारी आणि शुक्रवारी जाते. सर तिसरी-चौथीचं गणित घेतात तोवर मी लहान मुलांना वाचायला घेते. परवा सरांना कुठलीशी माहिती पाठवायची होती म्हणून त्यांनी सगळाच वर्ग माझ्याकडे दिला. मी शुद्धलेखन घालायला लागले. आमची शाळा गावात आहे, असं मी म्हटलं, आणि सगळी डोकी वह्यांवर वाकली. पेन्सिलींचा कुरकुर आवाज. बाहेर क्रेनचा भोंगा.

पूजा नावाची एक मुलगी, दरभंग्याकडची, तिने लिहून झाल्यावर हात वर केला. "मॅडम, कोणत्या गावात?"

मी म्हटलं, या गावात. आपल्या.

"पण नाव काय?" ती म्हणाली. बाकीचेही बघायला लागले. त्यांना समोरच्या कॉम्प्लेक्सचं नाव माहीत होतं, ते मोठ्या दिव्यांच्या अक्षरांत लिहिलेलं आहे. गावाचं नाव त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मी खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. मग बाजूला झाले. त्यांनी ते एकेक अक्षर लावत वाचलं, कुणी लवकर, कुणी अडखळत, आणि मग सगळ्यांनी मिळून एकदा मोठ्याने.